सोजराकाकूची घागर

सोजराकाकूने जन्मात कुणाचा हुकूम मोडला नाही. मी गावची अंगणवाडी सेविका आहे, तेव्हा लोक सांगितलेलं किती ऐकतात ते मला विचारा. मी म्हणावं पाणी उकळून प्या, बायांनी माना डोलवाव्यात आणि घरी जाऊन तसाच रांजणात तांब्या बुडवावा. सोजराकाकू मात्र सांगितलं की सांगितलं. करोनाच्या वेळी मी तिला वीस अंक मोजून हात धुवायला लावले, तर ती बांधावर बसून मोठ्याने अंक मोजायची आणि तिचे यजमान जानरावकाका वाफ्यातून ओरडायचे, "झाले वं वीस! आता भाकर सोड!"

मी तिच्या या गुणाचं गावभर कौतुक केलं आहे. आता ते कौतुक तोंडातून निघत नाही.

आमचं गाव राजूर घाटाच्या खाली, मोताळ्याच्या अंगाला. काकूचं शेत लहान, भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. पेरणं-खुरपणं दोघांचं, ओलीत जानरावकाकांचं आणि मोताळ्याच्या बाजारात बसून विकणं काकूचं. काका पाणी असं फिरवायचे की शेवटच्या वाफ्यातली मेथी आणि पहिल्या वाफ्यातली मेथी एकाच उंचीची. दिवसभर पायाला पाणी असलेला हा माणूस प्यायला मात्र काकूची वाट पाहायचा. बाजूला विहीर, पाइपातून धो धो धार, पण काका म्हणणार, "तांब्या आला की पिऊ." काकू चिडायची. "हात लुळे झाले काय तुमचे?" म्हणायची आणि तांब्या पुढे करायची. चाळीस वर्षांचा संसार, आणि त्यांचं प्रेम आम्हा शेजाऱ्यांना दिसलं ते एवढंच.

फाल्गुन संपता संपता काकांचं पोट दुखायला लागलं. ओवा झाला, हिंगाचा लेप झाला, गावातल्या डॉक्टरची सुई झाली. पोट लाकडासारखं कडक झालं तेव्हा शेखरने, म्हणजे त्यांच्या मुलाने, गाडी केली आणि बुलढाण्याला नेलं. आतड्याला छिद्र पडलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "तोंडाने काही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही." हे त्यांनी नेमकं सोजराकाकूला सांगितलं.

काका शुद्धीवर आले ते पाणी मागतच. "शेखरची माय, घोटभर पानी दे ना वं." तिने नर्सबाईला विचारलं. नर्सबाई म्हणाली, कापूस ओला करून ओठांना लावा. काका तो कापूसच चोखायला लागले. मग काकू काय करायची, तर कापूस बुडवायची, घट्ट पिळायची आणि मगच ओठांना टेकवायची. थेंब आत जाऊ नये म्हणून. मी भेटायला गेले तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. काका तिच्याकडे लहान लेकरासारखे बघत होते आणि ती मान फिरवून कापूस पिळत होती.

त्यातच शेखरने तिला एक दिवस घरी पाठवलं. ऊन तापलं होतं, मेथी माना टाकत होती, आणि त्या आठवड्यात मोटारीची लाइन, म्हणजे वीज, दुपारी यायची. "तू जाऊन ये माय, वाफ्याईले पानी दे, संध्याकाळच्या गाडीनं वापस ये," तो म्हणाला. काकू निघताना काकांनी पुन्हा पाणी मागितलं. "उद्या देतो म्हनते डॉक्टर," ती म्हणाली. "उद्या पोटभर पाजतो तुमाले."

दुपारी मोटार चालू होती, पाणी मेथीत शिरत होतं, आणि फोन आला. "माय, बाबाले घरी घेऊन येऊन राह्यलो. डॉक्टरनं हात टेकले. श्वास चालू हाय. तू पानी तयार ठेव."

निरोप कळताच मी तिच्या घरी गेले. सतरंजी अंथरली, ओटा झाडला. अँब्युलन्स आली. काकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. शेखरने आणि ड्रायव्हरने त्यांना थेट आतल्या खोलीत नेलं. आमच्याकडे बाहेर वारलेल्या माणसाला घरात घेत नाहीत, ओट्यावरच ठेवतात. श्वास असलेल्याला मात्र त्याच्या जागेवर नेतात. काकूने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. शेखरने स्वतःच्या हाताने मास्क काढला आणि म्हणाला, "दे माय. आता दे." तिने तुळशीचं पान टाकलेलं पाणी चमच्याने त्यांच्या तोंडात सोडलं. थोडं सोडलं, पुन्हा थोडं सोडलं. मग कोणीतरी म्हणालं, गेले.

मी पायांशी बसले होते. पाय थंड होते. पाय आधीच थंड पडतात, असं मी मनाला समजावलं.

त्या पाण्यावर काकू पुढचे दिवस जगली. भेटायला येणाऱ्या बाया आमच्याकडे कशा असतात ते काय सांगू! सांत्वनाला येतात आणि जखमेवर मीठ चोळून चहा पिऊन जातात. "इतक्या मोठ्या दवाखान्यात नेलं तरी नाही वाचले?" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "ऑपरेशन केलंच काऊन?" काकू सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, "माह्या मांडीवर गेले. माह्या हातचं पानी पेऊन गेले." हे म्हणताना ती जरा ताठ बसायची. तेवढंच तिच्याकडे उरलं होतं.

तेरवी झाली आणि शेताच्या वारस नोंदीसाठी मृत्यूचा दाखला काढायची गोष्ट निघाली. एकवीस दिवसांच्या आत नोंद केली तर सोपं जातं, हे मीच सांगितलं. काकू म्हणाली, "नोंद मीच सांगीन. मी होतो ना तेथं." म्हणून आम्ही तिघं, काकू, शेखर आणि मी, ग्रामपंचायतीत गेलो.

ग्रामसेवक भागवतभाऊ भला माणूस. त्याने खुर्ची दिली आणि विचारलं, "काकू, काका वारले कुठं?"

"घरी. माह्या मांडीवर."

"घरी गेले असतील तर नोंद माझ्याकडे. दवाखान्यात गेले असतील तर नोंद बुलढाण्याच्या नगरपालिकेत. माणूस राहत कुठं होता ते बघत नाहीत, गेला कुठं ते बघतात. बुलढाण्याहून आणलं ना त्यांना? दवाखान्यातून सोडल्याचा कागद दाखवा फक्त."

काकूने शेखरकडे पाहिलं. शेखर फरशीकडे बघत होता. "घरी राह्यला," तो म्हणाला.

काकूला घरी सोडून मी त्याला शाळेच्या टाकीमागे गाठलं. "कागद कुठं आहे?" त्याने खिशातूनच काढून दिला. इतके दिवस तो ते ओझं खिशात घेऊन फिरत होता. काका दवाखान्यातच गेले होते. काकूची एसटी घाट उतरून घरी पोचली असेल नसेल तेव्हा.

"मले सांगाचंच होतं ताई," तो म्हणाला. "फोन लावला, तिकडून मायचा आवाज आला, मांगं मोटार चालू होती. तोंडातून दुसरंच निंगालं. मंग ते निभवा लागलं. ड्रायव्हरच्या हातापाया पडलो, मास्क लावून घेतला." मग तो ओक्साबोक्शी रडायला लागला. "अख्ख्या गावानं पाह्यलं ना ताई, घरीच गेले म्हनून. भागवतभाऊले सांगा ना. कोनाचं काय जाते?"

माझा हात उठला होता, खरं सांगते. पण रडताना तो अगदी जानरावकाकांसारखा दिसत होता. हात खाली आला. आणि माझ्याही मनात आलंच की खरंच, कुणाचं काय जातं? झाकली मूठ सव्वा लाखाची. मी भागवतभाऊला आडून आडून विचारलं. तो काही दुधखुळा नव्हता. म्हणाला, "ताई, दवाखान्यात माणूस गेला की ते स्वतः नगरपालिकेला कळवतात. तिथं नोंद झालीसुद्धा असेल. मी इथं दुसरी केली तर एक माणूस दोनदा मेला असं होईल. आणि खबर देणारा म्हणून अंगठा कुणाचा? काकूचा. खोट्या खबरीसाठी उद्या जाब तिला विचारतील."

बुलढाण्याला मी आणि शेखर गेलो. नोंद झालेलीच होती. कर्मचाऱ्याने आधार कार्ड पाहिलं, काकांचं नाव तपासायला लावलं आणि दाखला हातात दिला. एक कागद. नाव, तारीख, ठिकाण, आईचं नाव, पत्नीचं नाव, पत्ता. माणूस कसा होता, मेथीला पाणी कसं द्यायचा, ते त्यात मावत नाही. कशाने गेला तेही त्यात नसतं. मी विचारलं तर तो म्हणाला, कारण डॉक्टर वेगळ्या कागदावर लिहून देतात, ते कार्यालयात राहतं, दाखल्यावर येत नाही.

परत येताना घाटात शेखर म्हणाला, "तिले वाचता येत नाही. ठिकान आलं की पत्त्यावर बोट ठेवजा. पत्ता घरचाच हाय."

मी हो म्हणाले. मनात पक्कं केलं होतं.

काकू हात-पाय धुऊन देवासमोर बसतात तशी बसली होती. शेखर दारातूनच मागे फिरला. मी दाखला काढला.

"थांब," ती म्हणाली. "आंधी सांग. कायनं गेले ते लिहेल असते काय त्याच्यात?"

"नाही काकू. ते डॉक्टर वेगळं लिहितात."

"मंग त्या वेगळ्या कागदावर तहान लिहेल असन काय?"

मला कळेना ती काय विचारते आहे.

"दोन दिवस पानी मांगे मानूस. मी नाही देल्लं. कापूस पिळून लावो मी, पिळून. पान्यावाचून गेले असं कोनी लिहेल हाय काय? मले फक्त तेवढं सांग."

मी तिचे दोन्ही हात धरले. सांगितलं की सलाइनमधून पाणी जातच होतं अंगात. आतडं फाटलं होतं, त्याचं विष अंगात भिनलं, त्याने गेले. तोंडाने पाणी दिलं असतं तर टाके उसवले असते. तू केलं ते बरोबरच केलं. मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. तिने ते नीट ऐकून घेतलं, जसं ती सगळं ऐकते तसं, आणि एक लांब श्वास सोडला. "बरं. आता बाकीचं वाच."

मी नाव वाचलं. तारीख वाचली. "मृत्यूचे ठिकाण," असं वाचलं आणि बोट खाली पत्त्याच्या ओळीवर नेलं.

काकू कागदाकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. "वाच ना वं. तू सांगतं ते मी आयकतोच."

मी कितीकांशी खोटं बोलले असेन. लेकरांना औषध पाजताना बोलते, साहेब तपासणीला आले की बोलते. पण जो माणूस आपलं प्रत्येक अक्षर खरं धरतो, त्याच्यापुढे जीभ उचलत नाही. शिवाय उद्या तलाठ्यासमोर, चार माणसांत, कोणीतरी हा कागद मोठ्याने वाचणारच होतं. तिथं कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. मी बोट पुन्हा वर नेलं आणि दवाखान्याचं नाव वाचलं.

"तेथंच?" तिने विचारलं.

"हो काकू. तू घाट उतरलीस आणि ते गेले. शेखरला तुला सांगवलं नाही गं. त्याच्यावर रागावू नको."

ओसरीत कोंबडी खरवडत होती, तिला हाकलायला काकूने हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग तिने मला विचारलं, "मंग मी पानी कोनाले देल्लं?"

मी रडले, तिचे पाय धरून रडले. ती नाही रडली.

त्या दिवसापासून तिने शेखरशी बोलणं टाकलं. ताटात भाकरी वाढायची, हाक मारायची नाही. एकदाच काय ते त्याच्यावर फुटली, मी ओट्यावर होते म्हणून कानावर पडलं. "मले तेथून पाठवलंच काऊन? वाळू देली असती मेथी. जळू देली असती." शेखर म्हणाला, "मले काय मालूम होतं माय?" त्याचंही खरंच होतं. आभाळ फाटलं तिथं ठिगळ कुठं लावणार!

भेटायला आलेली एक बाई जुनंच म्हणाली, नशीबवान ते, तुमच्या हातचं पाणी पिऊन गेले. काकू शांतपणे म्हणाली, "नाही. दवाखान्यातच गेले. तहानेले गेले." मग गावात कुजबुज सुरू झाली, की बाहेरचं प्रेत घरात घेतलं. मी दोघींना नळावर चांगलंच झापलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांना नुसता धूर दिसतो.

बघता बघता आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. वर्षभरात घरचं माणूस गेलं असेल तर आमच्याकडे आखाजीला त्याच्या नावाने घागर भरतात. कोरी मातीची घागर, गळ्याला सूत, तोंडावर आंबा. ते पाणी त्याला पोचतं म्हणतात. शेखरने सकाळी घरी घागर भरली, पितर जेवू घातले. काकूने पुरणपोळी रांधली, सगळं रीतीने केलं. मग कपाटाआडून तिने दुसरी घागर काढली.

"ही कोनाची?" मी विचारलं.

"ती घरची झाली. ही माही," ती म्हणाली. "मानूस जेथं तहानेला राह्यला, पानी तेथं नेलं पाह्यजे. कागदावर लिहेल हाय ना कोठं गेले ते."

बरोबर न्यायला तिने मला बोलावलं होतं. शेखर दारात उभा होता. त्याने काही न विचारता शेतावरच्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणलं, आणि कोरी घागर धोतराच्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या कवेत घेतली. काकूने त्याला अडवलं नाही. एसटीत घाटभर तो ती घागर मांडीवर धरून बसला. वळणावर गाडी हेलकावली की दोन्ही हात तिच्याभोवती.

दवाखान्याच्या फाटकावर वॉचमनने हटकलं. "घागर आत नाही नेता येणार, मावशी." काकूने पिशवीतून दाखला काढला आणि त्याच्यापुढे धरला. "हे पाय. येथंच गेले म्हनून लिहेल हाय. आत नाही जात मी. येथं बसू दे." त्याने कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं आणि भिंतीच्या सावलीतलं आपलं स्टूल बाजूला सरकवलं. काकूने जागा पुसली, मूठभर गहू पसरले, वर घागर ठेवली. शेखरने पाणी ओतलं. काकूने घागरीला सूत गुंडाळलं, आंबा ठेवला आणि हात जोडले. "घ्या," ती म्हणाली. "पोटभर घ्या." आणि तेव्हा ती रडली. इतक्या दिवसांचं सगळं रडली. शेखर तिच्या पाठीशी बसला आणि तिने त्याचं डोकं ओढून खांद्याशी धरलं.

मग तिने डोळे पुसले, आंबा बाजूला ठेवला आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला पाणी द्यायला लागली. दवाखान्याच्या फाटकावर तहानलेल्यांना काय तोटा! रिक्षावाले प्यायले, रिपोर्ट घेऊन धावणारे प्यायले, वॉचमन प्यायला.

दुपारी एक बाई आतून आली. पदर विस्कटलेला, हातात रिकामी बाटली. "भरून देता काय? माहा मानूस लय पानी मांगून राह्यला. डॉक्टर नाही म्हनते. मी आता चोरून घोटभर देतोच."

शेखर उठून उभा राहिला. काकूने त्या बाईच्या हातातून बाटली घेतली आणि आपल्यापाशी ठेवली.

"देऊ नोको," ती म्हणाली. "डॉक्टर सांगते तसंच कर. शिव्या देल्ल्या त्यानं तरी देऊ नोको. पन बाई, त्याच्यापासून हालू नोको. घरी वावर जळू दे, ढोरं हंबरू दे, कोनी काही सांगो, तू तेथून उठू नोको. हात धरून बस."

ती बाई मटकन खाली बसली.

"तू पेली काय सकाळपासून?" काकूने विचारलं. बाईने नाही म्हणून मान हलवली. काकूने घागरीतून तांब्या भरला आणि तिच्या ओंजळीत धार धरली. बाई पीत राहिली, पाणी कोपरांवरून तिच्या लुगड्यावर सांडत राहिलं. तांब्या रिकामा झाल्यावर ती उठली, बाटली तिथेच सोडून आत गेली.